घरातला हवाई सैनिक आणि त्याची कैद: कागदांचा माग कसा काढायचा

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत कुणीच गेलं नाही अशी भावकी शोधावी लागते. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीचं तर नावच सैनिक टाकळी पडलंय. पण ही फौज म्हणजे बहुतेक पायदळ, त्यातही मराठा लाइट इन्फंट्री. त्यामुळं 'आमचे आजोबा हवाई दलात होते आणि शत्रूच्या कैदेत पडले होते' एवढं एकच वाक्य घरात चालत आलेलं असेल, तर त्याचं पुढं काय करायचं हे सांगणारं गावात सहसा कुणी भेटत नाही. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. तिथं हवाई दलाचे कागद नसतात.

नवखा माणूस पहिल्या दिवशी आजोबांचं नाव इंटरनेटवर टाकतो, काही सापडत नाही म्हणून हिरमुसतो आणि शोध तिथंच थांबतो. या कामात नाव फार उशिरा उपयोगाला येतं. आधी लागतो सर्व्हिस नंबर. मग युनिट, म्हणजे स्क्वाड्रन किंवा तळ. मग पकडले गेल्याची तारीख, निदान महिना. या तीन गोष्टी याच क्रमानं मिळवल्या तर दिल्ली, लंडन आणि जिनिव्हाची दफ्तरं तुमच्याशी बोलू लागतात. नुसतं नाव आणि घरातली गोष्ट घेऊन गेलात तर 'नोंद आढळली नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि त्या उत्तरात चूक कुणाचीच नसते.

आधी ठरवा: कुठलं हवाई दल, कुठलं युद्ध

भारतीय हवाई दल स्थापन झालं ८ ऑक्टोबर १९३२ ला. मार्च १९४५ मध्ये त्याच्या नावाला 'रॉयल' जोडलं गेलं आणि १९५० मध्ये ते निघालं. म्हणून एकाच माणसाच्या दोन कागदांवर 'आयएएफ' आणि 'आरआयएएफ' असं वेगवेगळं दिसलं तर गोंधळू नका. काही भारतीय थेट ब्रिटिश रॉयल एअर फोर्समध्ये होते. त्यांचे कागद ब्रिटनमध्ये शोधायचे. आणि काही जण मुळात लष्करातलेच, विमानवेधी तोफखान्यातले. तोफा विमानतळाभोवती होत्या, एवढ्यावर घरच्यांनी त्यांना हवाई दलात घातलेलं असतं.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. 'आजोबा विमान चालवायचे' हे वाक्य बहुतेक वेळा पुढच्या पिढीनं वाढवलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आपल्या हवाई दलात सुमारे २८,५०० माणसं होती आणि त्यांतले अधिकारी होते १,६०० च्या आसपास. वैमानिक त्याहून कमी. बाकी सगळे फिटर, रिगर, आर्मरर, वायरलेस ऑपरेटर, कारकून, ड्रायव्हर, स्वयंपाकी. सुरुवातीच्या काळात या जमिनीवरच्या माणसांना 'हवाई सिपाही' म्हणत. यात कमीपणा काही नाही. १९४२ मध्ये एक नंबर स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टाउंगूला लायसँडर विमानं घेऊन उतरलं तेव्हा बॉम्ब धावपट्टीवरच पडत होते, आणि धावपट्टीवर फिटर असतो. पण शोधाच्या दृष्टीनं फरक मोठा आहे: अधिकाऱ्यांची नेमणूक आणि बढती राजपत्रात छापली जायची, साध्या एअरमनची नाही. आजोबा अधिकारी नव्हते हे लवकर कळलं तर राजपत्र चाळण्यात जाणारे महिने वाचतात.

युद्ध कुठलं, हेही आधीच नक्की करा. १९३९ ते १९४५ चा शोध लंडन आणि जिनिव्हाकडं जातो, १९६५ किंवा १९७१ चा दिल्लीतच फिरतो. दोन्हींची सरमिसळ झालेली घरं मी पाहिली आहेत: थोरले आजोबा ब्रह्मदेशात, धाकटे १९७१ मध्ये पंजाबात, आणि नातवंडांच्या तोंडी दोघांची मिळून एकच कथा.

कोल्हापुरात आणखी एक गोंधळ नेहमी होतो. 'वळिवड्याला युद्धकैद्यांचा कॅम्प होता, आजोबा तिथं होते' असं कुणी सांगितलं तर थांबा. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे निर्वासित राहत होते, बहुतेक बायका-मुलं, सुमारे पाच हजार. ते कैदी नव्हते. तीच वस्ती पुढं सिंधी निर्वासितांची झाली आणि आज आपण तिला गांधीनगर म्हणतो. आजोबांचा त्या कॅम्पशी संबंध असेलही, पण तो शोध वेगळा.

माळ्यावरची ट्रंक

नंबर बहुतेक वेळा घरातच असतो. फक्त कुणी तो नंबर म्हणून पाहिलेला नसतो. डिस्चार्जचा कागद, पे-बुक, जुनी पाकिटं, पोस्टकार्डं, पेन्शनचा कागद, माजी सैनिकाचं ओळखपत्र, सगळं बाहेर काढा. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, मागं काही नसलं तरी. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का आणि सेन्सॉरचा शिक्का पत्रातल्या मजकुरापेक्षा जास्त सांगतो, कारण पत्रात 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे' याच्यापलीकडं काही लिहायला परवानगी नसायची.

पदकं असतील तर ब्रासो लावू नका. भारतीय सैनिकांना मिळालेल्या महायुद्धाच्या पदकांवर, कडेला किंवा मागच्या बाजूला, बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ब्रिटनमध्ये वाटलेली तीच पदकं मात्र कोरी असायची. दसऱ्याला दर वर्षी घासून ते अक्षर पुसट झालेलं असलं तर टॉर्च तिरपा धरून मोबाईलनं फोटो काढा, वाचता येतं. पदक कुठलं यावरूनही कळतं. बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातल्या ब्रह्मदेश आघाडीसाठी होता. आफ्रिका स्टार म्हणजे उत्तर आफ्रिका. आणि फक्त वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल एवढंच असेल, तर माणूस बहुधा युद्धभर भारतातच होता. अशा वेळी कैदेची गोष्ट पुन्हा तपासून घ्यावी लागते. पदकं विकली जातात, हरवतात, चुलत्याकडं जातात. म्हणून नसलेल्या पदकावरून निष्कर्ष काढू नका, असलेल्यावरून काढा.

फोटो भिंगाखाली बघा. छातीवर दोन्ही बाजूंनी पसरलेले पंख म्हणजे वैमानिक. एकच पंख आणि शेजारी गोलात अक्षर असलं तर नॅव्हिगेटर, गनर वगैरे. बाहीवर दोन पात्यांचा पंखा असेल तर हुद्दा लीडिंग एअरक्राफ्ट्समन. मुठीतून विजा निघताना दिसल्या तर वायरलेसवाला. खांद्यावर 'इंडिया' अशी पट्टी असेल तर तीही टिपून ठेवा. फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का असतो, कराची, अंबाला, रंगून, कलकत्ता. त्यावरून तळ कळतो.

वैमानिक किंवा विमानातले दुसरे कुणी असतील तर लॉगबुक शोधा. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, काम, वेळ त्यात असते. शेवटची नोंद ज्या दिवशी थांबते, तिथून तुमचा शोध सुरू होतो.

घरच्यांशी बोलताना

'कैदेत काय काय झालं?' हा प्रश्न आजीला किंवा आत्याला विचारू नका. त्यावर एक तर रडू येतं, नाही तर पाठ केलेलं उत्तर. पैसे कुठून यायचे ते विचारा. मनिऑर्डर दर महिन्याला यायची का, मध्येच थांबली का, परत कधी सुरू झाली? माणूस बेपत्ता झाला की घरी जाणारी रक्कम बदलायची, आणि घर चालवणाऱ्या बाईला तो महिना पन्नास वर्षांनीही आठवतो. तार कुणी आणली, ती कुणी वाचून दाखवली, त्यात 'बेपत्ता' होतं की 'कैदेत असल्याचं कळतं' असं होतं, हेही विचारा. या दोन तारांमध्ये कित्येकदा महिन्यांचं अंतर असतं, आणि दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या फायलींत लागतात.

इंग्रजी तारीख कुणाला आठवत नाही, ती मागूही नका. आपल्याकडच्या खुणांवरून बांधत जा. राजाराम महाराज गेले ते नोव्हेंबर १९४० मध्ये, त्याच्या आधी भरती झाले की नंतर? गांधीवधानंतर घरं जळाली तेव्हा, म्हणजे १९४८ च्या सुरुवातीला, ते गावात होते का? संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला. जोतिबाची चैत्री, बेंदूर, दसरा यांवरून महिना निघतो. १९७१ च्या युद्धातले कैदी १ डिसेंबर १९७२ ला परत आले, म्हणजे दुष्काळाच्या ऐन वर्षात. 'बाहत्तरच्या दुष्काळात काका घरी आला' असं कुणी म्हणालं तर ती फार भक्कम साक्ष समजा.

कोल्हापुरातच मिळणारे कागद

दिल्लीला लिहिण्याआधी इथले कागद गोळा करा. पहिलं ठिकाण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माजी सैनिक किंवा त्यांच्या पत्नीची नोंदणी तिथं झालेली असू शकते. दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन मानधन देतं. आजीला ते मिळत असेल तर तिची फाईल आहे, आणि फाईल आहे म्हणजे सेवेचा पुरावा त्यात जोडलेला आहे. नंबर तिथंच सापडून जातो. जाताना मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि तुमचं ओळखपत्र घेऊन जा, सकाळी लवकर गेलेलं बरं.

दुसरं, शाळेचं जनरल रजिस्टर. भरतीच्या वेळची जन्मतारीख आणि घरात सांगितली जाणारी जन्मतारीख सहसा जुळत नाही. वय वाढवून भरती झालेली पोरं पुष्कळ होती. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर दोन्ही तारखा हाताशी राहतात. शिकायला खेड्यातून शहरात आलेला मुलगा असेल तर शाहू महाराजांच्या काळापासूनच्या बोर्डिंगांत चौकशी करा. हवाई दलातल्या तांत्रिक कामाला शिकलेली मुलं लागत, आणि त्या काळी आपल्याकडं शिकलेला खेड्यातला मुलगा बोर्डिंगातून गेलेला असण्याचा संभव मोठा.

तिसरं, वर्तमानपत्रं. करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय इथं जुन्या अंकांची चौकशी करा. 'सत्यवादी' आणि 'पुढारी' हे दोन्ही त्या काळातले. बेपत्ता झाल्याची बातमी शोधत बसू नका, युद्धकाळात ती छापून येईलच असं नाही. परत आल्यावरचा सत्कार शोधा. तालमीनं, पेठेनं किंवा ग्रामपंचायतीनं हार घातला की छापून यायचं, आणि त्या चार ओळींत कुठून सुटून आले ते असायचं.

संस्थानकाळातले सरकारी कागद पुराभिलेखागारात आहेत. त्यांत शिरायचं तर मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. एकट्या माणसाच्या शोधासाठी मी तिथून सुरुवात करायला सांगणार नाही.

आता पत्ता आणि नाव. १९४९ पूर्वीच्या लष्करी कागदांत आपला पत्ता 'कोल्हापूर स्टेट', 'डेक्कन स्टेट्स' किंवा सरसकट 'बॉम्बे' असा येतो. कुरुंदवाड वेगळं संस्थान होतं. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तेव्हा चंदगडच्या माणसाचं गाव 'डिस्ट्रिक्ट बेलगाम' खालीच सापडेल. नावाचं तर विचारूच नका. इंग्रजी कारकुनानं 'पोवार'चं 'पवार', 'चव्हाण'चं 'चौहान', 'जाधव'चं 'यादव' केलेलं असतं. कधी आडनावच गाळून नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लिहिलेलं असतं. घरच्या नावाची जेवढी इंग्रजी रूपं सुचतील तेवढी एका कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी सगळी टाकून बघा. वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय कुणालाही 'हेच आमचे' म्हणू नका.

दिल्लीला लिहिताना

एअरमनच्या, म्हणजे अधिकारी नसलेल्यांच्या नोंदी एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस सांभाळतं. ते नवी दिल्लीत सुब्रतो पार्कला आहे. माजी हवाई सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचं डायरेक्टोरेट ऑफ एअर व्हेटरन्सही सुब्रतो पार्कलाच. अधिकाऱ्यांच्या नोंदीसाठी हवाई दलाच्या मुख्यालयाकडं लिहायचं. पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत, एक पानापेक्षा मोठं नको. वरच नंबर, हुद्दा, नाव (सगळ्या रूपांसह), वडिलांचं नाव, गाव, भरतीचं वर्ष आणि ठिकाण, डिस्चार्जचं वर्ष. खाली तुमचं नातं आणि जोडलेल्या पुराव्यांची यादी. मागणी नेमकी करा: सेवेचा गोषवारा, नेमणुकांची यादी, आणि युद्धकैदी किंवा बेपत्ता म्हणून झालेली नोंद. 'सर्व माहिती मिळावी' असं लिहिलंत तर कुणालाच काय काढायचं ते कळत नाही. घरातली भावनिक हकिकत पत्रात नको, ती वाचायला तिथं कुणाला वेळ नसतो.

माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाकावा असं सगळे सुचवतात. माझं मत वेगळं आहे. अर्ज केंद्र सरकारकडं असेल तर फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस, हे सगळं खरं. पण व्यक्तिगत माहिती म्हणून कलम ८ खाली नकार देणं कार्यालयाला सोपं जातं, आणि एकदा लेखी नकार आला की पुढचं साधं पत्रही त्याच फाईलला लागतं. म्हणून आधी वारस म्हणून साधं पत्र, पोचपावतीसह. दोन-तीन महिन्यांत काही आलं नाही तर माहिती अधिकार, आणि त्यात कायद्याच्या कलम ८(३) मधल्या, २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती देण्याच्या तरतुदीचा उल्लेख करा. ती तरतूद प्रत्येक कारणाला लागू होत नाही, पण जुनी घटना आहे हे अधिकाऱ्याच्या लक्षात येतं.

युनिटचे कागद वेगळे. त्यासाठी संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आणि जनपथावरचं राष्ट्रीय अभिलेखागार ही दोन ठिकाणं. अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल घरबसल्या शोधता येतं. संरक्षण मंत्रालयानं जून २०२१ मध्ये युद्धविषयक कागद साधारण २५ वर्षांनी खुले करायचं धोरण जाहीर केलं आहे. १९६५ आणि १९७१ च्या बाबतीत मागणी करताना त्याचा हवाला द्या. अधिकाऱ्यांसाठी 'भारत रक्षक' या संकेतस्थळावरची हवाई दलाची सूची आधी चाळा. पुष्कळांचा नंबर तिथंच मिळतो.

कैद: जपानी

आपल्याकडच्या बहुतेक हवाई कैदेच्या कथा ब्रह्मदेशाच्या बाजूनं येतात, आणि कागदांच्या दृष्टीनं हीच आघाडी सगळ्यांत अवघड. जपाननं १९२९ च्या जिनिव्हा करारावर सही केली होती पण तो मंजूर केला नव्हता. रेडक्रॉसला याद्या उशिरा आणि अपुऱ्या मिळाल्या, आणि कुटुंबाला तीन-तीन वर्षं 'बेपत्ता' यापलीकडं काही कळलं नाही. घरात 'तेराव्याची तयारी केली होती आणि माणूस दारात आला' अशी गोष्ट असेल तर ती अजिबात अतिशयोक्ती नाही.

ब्रह्मदेशात पकडलेल्या विमानातल्या माणसांपैकी पुष्कळांना रंगूनच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवलं जायचं. हवाई कैद्यांना जपानी लोक साधे युद्धकैदी न मानता गुन्हेगारासारखं वागवत आणि वेगळं कोंडत. भारतीय कैद्यांची बराक वेगळी होती. एप्रिल १९४५ च्या शेवटी पहारेकरी तुरुंग सोडून गेले. चालू शकणाऱ्या कैद्यांना त्याआधी ब्रह्मदेशातल्याच पेगू गावाच्या दिशेनं नेऊन वाटेत सोडून दिलं होतं. आत उरलेल्यांनी छपरावर मोठ्या अक्षरांत जपानी गेल्याचं लिहिलं, आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकू नयेत म्हणून. आजोबा 'चालत आले' असं सांगत असतील तर पेगूचा तो जथा तपासा. 'तुरुंगातच सुटका झाली' म्हणत असतील तर मे १९४५ चा पहिला आठवडा.

कागद लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. कॅटलॉग ऑनलाइन फुकट शोधता येतो. डब्ल्यूओ ३४५ या मालिकेत जपान्यांनी भरलेली कैद्यांची कार्डं आहेत, पन्नास हजारांवर. डब्ल्यूओ ३४४ मध्ये सुटका झाल्यावर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या: कुठं पकडलं, कुठल्या कॅम्पात किती दिवस, कोण आजारी, कोण पळून गेलं. दोन्हींत भर ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाच्या माणसांवर आहे, म्हणून भारतीय नाव मिळालं नाही तर माणूस कैदेत नव्हता असा अर्थ होत नाही. कार्ड मिळालं तर त्यावरचं वर्ष जपानी शोवा पद्धतीचं असतं. त्यात १९२५ मिळवा: १७ म्हणजे १९४२, २० म्हणजे १९४५. कार्डावर तिरक्या लाल रेघा मारलेल्या असतील तर तो कैदी कैदेतच वारला असं समजायचं. कार्डाची प्रत घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी हे बघून घ्या.

आता ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही ते. जपान्यांच्या हाती लागलेल्या भारतीयांपैकी हजारो जण आझाद हिंद फौजेत गेले, हजारो गेले नाहीत. न गेलेल्यांपैकी अनेकांना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनला मजुरीला नेलं. युद्धानंतर परत आलेल्या भारतीय कैद्यांची ब्रिटिशांनी चौकशी केली आणि आपल्याशी कोण किती एकनिष्ठ राहिलं यावरून त्यांची पांढरे, करडे आणि काळे अशी वर्गवारी केली. पांढरे सेवेत राहू शकले, करड्यांना सोडून दिलं, काळ्यांना बडतर्फ केलं आणि त्यांचा पगार बुडाला. 'आजोबांना पेन्शन का नव्हती' याचं उत्तर कधी कधी इथं असतं. पण लगेच तर्क करू नका. पेन्शनला साधारण १५ वर्षांची सेवा लागायची आणि युद्धापुरते भरती झालेले १९४६-४७ मध्ये घरी आले. त्यांतल्या बहुतेकांना पेन्शन नव्हतीच, कैद असो वा नसो. शोधात 'करडा' किंवा 'काळा' असा शेरा सापडला, तर तो कुणाच्या नजरेतून दिलेला शेरा आहे हे लक्षात ठेवून घरच्या वडीलधाऱ्यांना आधी एकट्यानं सांगा. लग्नाच्या मांडवात नको.

कैद: जर्मन आणि इटालियन

इथं कागद पुष्कळ, पण आपली हवाई माणसं थोडी. १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला गेले होते, आणि नंतरही काही भारतीय रॉयल एअर फोर्समधून लढले. पाडलेल्या विमानातला माणूस जर्मनांच्या हाती लागला की चौकशीसाठी ओबरउर्सेलच्या दुलाग लुफ्टला, मग अधिकारी असेल तर झागानच्या स्टालाग लुफ्ट तीनसारख्या हवाई दलाच्याच कॅम्पात. पायदळाच्या भारतीय कैद्यांचे कॅम्प वेगळे होते: इटलीत आवेत्झानो, जर्मनीत आनाबुर्ग, फ्रान्समध्ये एपिनाल. एपिनालवर मे १९४४ मध्ये अमेरिकन बॉम्ब पडले, भिंती कोसळल्या आणि सुमारे पाचशे भारतीय चालत स्वित्झर्लंडला पोचले. घरच्या गोष्टीत 'स्वित्झर्लंड' हा शब्द असेल तर आजोबा बहुधा हवाई दलातले नव्हते, लष्करातले होते. शोध तिकडं वळवा, मग बेळगावचाही उपयोग होईल.

क्यूला डब्ल्यूओ ४१६ मध्ये जर्मनांनी भरलेली कार्डं आहेत, कॅटलॉगमध्ये नावानं शोधता येतात. एआयआर ८१ मध्ये विमान पडल्याच्या, माणूस बेपत्ता झाल्याच्या फायली, घटनेच्या तारखेप्रमाणं. एआयआर २७ मध्ये स्क्वाड्रनांची रोजनिशी: फॉर्म ५४० वर दिवसाचा गोषवारा, फॉर्म ५४१ वर कुठलं विमान, कोण कोण आत, किती वाजता गेलं आणि परत आलं की नाही. भारतीय स्क्वाड्रनांच्या रोजनिशीसाठी क्यू आणि दिल्लीचा इतिहास विभाग, दोन्हीकडं विचारा. रॉयल एअर फोर्समधल्या माणसांच्या वैयक्तिक सेवानोंदी ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाकडून टप्प्याटप्प्यानं क्यूकडं हलवल्या जात आहेत. अर्ज कुणाकडं करायचा हे त्या दिवशी संकेतस्थळावर पाहूनच ठरवा.

जिनिव्हाच्या रेडक्रॉस समितीकडंही विचारता येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांसाठीचे अर्ज वर्षातून ठराविक वेळीच उघडतात आणि संख्या ठरलेली असते. तारीख आधी बघून ठेवा, सगळी माहिती टाइप करून ठेवा आणि उघडलं की लगेच भरा. उत्तराला काही महिने लागतात.

कैद: १९६५ आणि १९७१

इथं माणसं थोडी आणि माहीत असलेली. १९६५ मध्ये जनरल करिअप्पांचा मुलगा, हवाई दलातला वैमानिक, पकडला गेला तेव्हा रेडिओ पाकिस्ताननं लगेच ते जाहीर केलं होतं. १९७१ च्या वैमानिकांना रावळपिंडीच्या कॅम्पात ठेवलं होतं. तिथून ऑगस्ट १९७२ मध्ये दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीला भोक पाडून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलला पुन्हा पकडले गेले. तुमचा नातेवाईक त्याच कॅम्पात असेल तर त्याच्याबरोबरच्यांच्या मुलाखती आणि आठवणी उपलब्ध आहेत, आणि कॅम्पातलं रोजचं जगणं सरकारी फायलीपेक्षा त्यांतूनच जास्त कळतं.

सरकारी बाजूला संसदेतली प्रश्नोत्तरं बघा, लोकसभेचं जुनं कामकाज ऑनलाइन आहे. परत न आलेल्या ५४ जणांचा विषय तिथंही निघालेला आहे. नातेवाईक त्या ५४ जणांत असेल तर फायली अजून चालू विषयाच्या मानल्या जातात, आणि साध्या वारसपत्रावर काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. वकिलाचा सल्ला घेऊनच पुढं जा.

परत न आलेले

महायुद्धात मृत्यू झाला असेल तर सगळ्यांत सोपा शोध हाच आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, नंबर, तारीख टाकून बघा. मोफत आहे. नोंदीत 'अमुकचा मुलगा, कोल्हापूर' असं वडिलांचं नाव आणि गाव कित्येकदा असतं. एक गोष्ट मात्र नवख्याला फसवते: ब्रह्मदेशावर पडलेल्या, कबर नसलेल्या हवाई सैनिकाचं नाव रंगूनच्या स्मारकावर नसून सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर असतं, कारण दक्षिण आणि पूर्व आशियातल्या अशा हवाई सैनिकांची नावं तिथं एकत्र कोरली आहेत. पुण्यात खडकीचं युद्धस्मशान आहे, ते इथून एका दिवसात पाहून होतं, पण आधी संकेतस्थळावर नाव कुठं आहे ते बघूनच गाडी काढा. नोंदीत गाव किंवा वडिलांचं नाव चुकलेलं दिसलं तर पुराव्यासह कळवता येतं. पुरावा म्हणून काय चालेल ते आधी ईमेलनं विचारा, आणि मूळ कागद कधीच पोस्टानं पाठवू नका.